आठ व्हायोलिनं आणि एक बटण

ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमात स्टेजवरच्या सगळ्यांची तोंडं लोकांकडे असतात, एका माणसाचं सोडून. तो माणूस मी होतो. सतरा वर्षं मी लोकांकडे पाठ करून उभा राहिलो. त्यामुळे माझे प्रेक्षक दिसायला कसे होते हे मला सांगता येणार नाही. ते ऐकायला कसे होते एवढं सांगू शकतो. बसायला लोखंडी घडीच्या खुर्च्या असत. माणूस गाण्यात रमलेला असला की खुर्ची गप्प असते. तो कंटाळला की आधी खुर्ची करकरते, मग मुलं कुरकुरतात, मग बायका एकमेकींशी बोलायला लागतात. उठून जाणारा खुर्ची मागे ढकलतो आणि परत येणारा पुढे ओढतो. या दोन आवाजांत फरक आहे, आणि तो मला पाठीमागून कळायचा.

दिवसा मी अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत रंग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत होतो. काम म्हणजे नमुने तपासणं, वजनं घेणं आणि आकडा जुळला नाही तर माल अडवणं. दशांश चिन्हानंतरच्या चौथ्या आकड्यावरून मी लोकांशी भांडलो आहे. बायको म्हणायची, "अहो, मी भाजीत मीठ घालताना तुम्ही जवळ उभे राहू नका. हात थरथरतो माझा."

असा माणूस ऑर्केस्ट्रात शिरला तो काकांमुळे. काका म्हणजे माझे गुरू. पोलीस बँडमधून निवृत्त होऊन उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात मुलीकडे राहायला आले होते. मूळचे रत्नागिरीकडचे. नोकरी लागल्यावर मी त्यांच्याकडे व्हायोलिन शिकायला जाऊ लागलो. तीन वर्षं त्यांनी माझं वाजवणं सहन केलं. एके दिवशी गज माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाले, "तुझा हात वाजवायचा नाही रे. पण तू मोजतोस बरा. आमच्यात सगळे वाजवणारे आहेत, मोजणारा कोणी नाही. तू मोज." मला वाईट वाटलं, पण ते खरं होतं. त्यांनी मला नोटेशन लिहायला शिकवलं आणि ते स्वतः ज्या ऑर्केस्ट्रात वाजवत होते तिथे नेऊन उभं केलं.

ऑर्केस्ट्राचे मालक उल्हासनगरचे एक सिंधी शेठ होते. त्यांचा मूळ धंदा मंडप-डेकोरेशनचा. लग्नाला, गणपतीला, नवरात्राला मंडप आपला, खुर्च्या आपल्या, लाइट आपले, मग गाणी दुसऱ्याची कशाला, असा त्यांचा साधा हिशेब. त्यांना सुरातलं काही कळत नसे आणि कळतं असं त्यांनी कधी भासवलंही नाही. मला ते पहिल्या दिवसापासून मास्टरजी म्हणाले. काकांनाही मास्टरजीच म्हणायचे. आम्ही दोघंही एकदम वळून बघायचो.

रिहर्सल रविवारी, शहाडला त्यांच्या गोदामात. एका बाजूला बांबू, दुसऱ्या बाजूला छतापर्यंत गाद्यांची थप्पी, मध्ये दोरीवर वाळत घातलेले मखमली पडदे. त्या गाद्यांमुळे आणि पडद्यांमुळे तिथे आवाज घुमत नसे. ढोलक, ट्रम्पेट सगळं मऊ होऊन यायचं आणि व्हायोलिनं तर अशी यायची की जणू कानाशी कोणी बोलतंय. मी पुढे मोठमोठ्या हॉलमध्ये उभा राहिलो, पण व्हायोलिनं त्या गोदामात वाजली तशी कुठेच वाजली नाहीत.

आमच्याकडे व्हायोलिनं आठ होती. हे मुद्दाम सांगतो, कारण या पट्ट्यातल्या दुसऱ्या ऑर्केस्ट्रांत दोन किंवा तीन असत. काका धरून आठ. त्यात एक पोस्टमन, एक फिटर, बँडवाल्यांच्या घरातले दोन भाऊ, आणि बाकीचे असेच नोकऱ्या करून वाजवणारे. आठही जण नोटेशन वाचू शकत होते. स्टेजवर एकूण बावीस माणसं असायची. मी हात वर केला की बावीस माणसं श्वास घ्यायची. हे पाठीमागच्या लोकांना दिसत नाही. मला दिसायचं.

माझं काम रिहर्सलच्या आधी सुरू व्हायचं. नव्या गाण्याची कॅसेट आणायची, पुन्हा पुन्हा लावायची, प्रत्येक वाद्याचं वेगळं लिहून काढायचं. सुरुवातीला मी एक गाणं शेजाऱ्यांच्या टेपवर ऐकून लिहिलं. त्यातले सेल उतरलेले होते हे मला ठाऊक नव्हतं. टेप मंद चालत होता, त्यामुळे गाणं मला दोन-तीन सूर खाली आणि रेंगाळत ऐकू आलं. मी ते तसंच्या तसं, अगदी बिनचूक, बावीस जणांना लिहून दिलं. नाचाचं गाणं होतं. रिहर्सलला गायिका थोडा वेळ वाट बघत उभी राहिली आणि म्हणाली, "सर, यात कोणी आजारी आहे का?" त्यानंतर मी प्रत्येक कॅसेट आधी पेटीशी ताडून बघायला लागलो.

आणि स्टेजची शिस्त मी लावली. पहिल्याच वर्षी बदलापूरच्या एका कार्यक्रमात दोन गाण्यांच्या मध्ये गिटारची तार तुटली आणि आम्ही सगळे गप्प उभे राहिलो. तेवढ्यात मागून खुर्च्या सरकायला लागल्या. माणसं उठली ती उठलीच. शेठ नंतर म्हणाले, "मास्टरजी, पब्लिक को साँस मत लेने दो. साँस ली, तो घर याद आता है." मी ते मनावर घेतलं. गाणं संपलं की त्याच क्षणी निवेदकाने बोलायचं. निवेदक बोलायला लागला की साउंडवाल्याने वाद्यांचे माइक खाली घ्यायचे. सत्कार असले, शाली-नारळ असले, तर ते संपेपर्यंत धून चालू ठेवायची. स्टेजवर गॅप नाही. हे मी इतकं घोटून घेतलं की पुढे सांगावं लागत नसे. शेजारच्या ऑर्केस्ट्रांचे लोक आमचा कार्यक्रम बघायला येत ते याच्यासाठी.

या सगळ्यात मी स्वतःचं एक लिहिलं. गाणं नव्हे. त्याला शब्द नव्हते, गायक नव्हता. फक्त आठ व्हायोलिनं. कारखान्यात एखादी बॅच थंड होण्याची वाट बघत बसावं लागे, त्या वेळात थोडं थोडं लिहीत गेलो. तीन पावसाळे गेले. सुरुवातीला आठही जण एकच ओळ वाजवतात, पण ती अर्ध्यावर सोडून देतात. मग दोन-दोनच्या जोड्या होतात, चढत जातात, आणि अगदी वर पोचल्यावर सगळे थांबतात. चार बार, म्हणजे सोळा मात्रा, कोणी काही वाजवायचं नाही. मग खालच्या सुरात एकच व्हायोलिन निघतं, बाकीचे एकेक करून त्याला मिळतात, आणि सुरुवातीला जी ओळ अर्धी सोडलेली असते ती पुरी होते. एवढंच. त्याला नाव दिलं नव्हतं.

काकांनी ते डोळ्यांजवळ धरून वाचलं.

"हे काय? इथं काहीच लिहिलेलं नाही."

"इथे गप्प राहायचं, काका. चार बार."

"आठही जणांनी?"

"आठही जणांनी."

"आणि मग मी एकट्यानं निघायचं?"

"मी हात दिला की."

त्यांनी त्या मोकळ्या रेघांवरून बोट फिरवलं. "बँडात असलं कोणी लिहिलं असतं ना, तर साहेबानं त्याला आत टाकला असता." मग हसले. "पण वाजवू या. मी आहे तोवर वाजवू या."

शेठना विचारलं. त्यांनी नाही म्हटलं नाही. ते कधीच नाही म्हणत नसत. "बजाएँगे मास्टरजी, ज़रूर बजाएँगे. दिवाली जाने दो." दिवाळी गेली, लग्नं आली. मग होळी, मग सिंध्यांचं चेटीचंड, पुन्हा लग्नं, मग गणपती, नवरात्र, आणि पुन्हा दिवाळी. मंडपवाल्याच्या वर्षात रिकामी जागा नसते. पावसाळ्यात असते, तर तेव्हा कार्यक्रम नसतात. बायको म्हणाली, "तुमच्या शेठची दिवाळी जातच नाही हो."

कीबोर्ड आला तो एका रविवारी, सुतळीने बांधलेल्या खोक्यात. वाजवणारा बदलापूरचा होता, उल्हासनगरात टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवायचा. मितभाषी, पस्तिशीचा. माणूस चांगला होता हे आधीच सांगतो, कारण पुढे जे झालं त्यात त्याचा वाईटपणा कुठेच नाही. त्याने एक बटण दाबून दोन्ही हातांनी सूर धरला, आणि गोदामात व्हायोलिनं वाजली. आठ नव्हे, चाळीस असतील. काका उठले, कीबोर्डच्या मागे जाऊन वाकून बघितलं आणि म्हणाले, "माणसं कुठं ठेवलीस रे?" सगळे पोट धरून हसले. मीही हसलो.

पुढच्या मोसमात व्हायोलिनं सहा झाली. मग चार. शेठनी कोणाला अपमान करून काढलं नाही. प्रत्येकाला स्टेजवर बोलावून शाल दिली, आणि त्या प्रत्येक वेळी धून मी वाजवून घेतली. "आठ आदमी का काम एक बटन करता है," ते मला म्हणाले. "बटन को टेम्पो नहीं लगता, नाश्ता नहीं लगता, बटन की बीवी बीमार नहीं पड़ती. आप बोलो, मैं क्या करूँ?" मी आकड्यांचा माणूस. त्यांचे आकडे बरोबर होते.

शेवटी दोन व्हायोलिनं राहिली. काका आणि फिटर. मग फिटरही आनंदनगरच्या एका कारखान्यात लागला आणि पाळ्यांमुळे यायचा बंद झाला. बावीसांचे आम्ही सात झालो होतो. नव्वदीचं दशक अर्धं सरत आलं होतं. ढोलक आणि काँगोच्या जागी तालाचं यंत्र आलं. त्याच्यावर एक लाल दिवा होता, पहिल्या मात्रेला लुकलुकणारा. काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की वाजवणारे माझ्या हाताकडे बघतच नाहीत. ते दिव्याकडे बघतात. काकाच तेवढे माझ्याकडे बघायचे, आणि त्यामुळे तेच चुकायचे, कारण माझा हात दिव्यापेक्षा केसभर मागे राहायचा.

कल्याणच्या एका लग्नात मी गाण्याच्या मध्येच हात थांबवून बघितला. खाली घेतला. गाणं थांबलं नाही. कोणाला कळलंही नाही. अंतरा झाला, मुखडा झाला, टाळ्या पडल्या. मी पुन्हा हात हलवायला लागलो, कारण नुसतं उभं राहणं बरं दिसलं नसतं.

मी शेठकडे गेलो आणि म्हणालो, "आता माझी काय गरज आहे?"

ते खरोखर चकित झाले. "क्या बात करते हो साईं? सफेद सूट में कोई खड़ा हो तो ऑर्केस्ट्रा लगता है. नहीं तो दुकान लगती है."

मी राहिलो. सुटासाठी नाही. ते आठ व्हायोलिनांचं एकदा लोकांसमोर वाजावं, काका असेपर्यंत वाजावं, एवढ्यासाठी. स्टेज सोडलं असतं तर ते मागायचा हक्कही गेला असता. काकांचा उजवा हात तेव्हा कापायला लागला होता. गज तारेवर टेकला की कंप जायचा, उचलला की परत यायचा. किती दिवस टेकवता येईल हे त्यांनाही माहीत नव्हतं.

संधी आली ती माझ्याच कारखान्यातून. आमच्या स्टोअरमधले एक गृहस्थ बदलापूरच्या एका गणेशोत्सव मंडळाचे सेक्रेटरी होते. मंडळाचं खास वर्ष होतं. "काहीतरी वेगळं द्या साहेब, दरवर्षी तीच गाणी," असं ते म्हणाले आणि मी त्यांना खुर्चीत बसवून माझ्या रचनेचं सगळं सांगितलं. त्यांनीच शेठना गळ घातली. शेठ मला म्हणाले, "एक आइटम आपका. आदमी आप लाओ, स्टेज मैं दूँगा."

मी माणसं गोळा करायला निघालो. पोस्टमनचं व्हायोलिन कपाटावर होतं. पोरांनी त्याची तारांखालची घोडी हरवली होती आणि तारा पतंगाला लावल्या होत्या. तो म्हणाला, "सर, मी आता फक्त पत्रं वाजवतो," पण व्हायोलिन दुरुस्तीला टाकलं. दोन भावांपैकी धाकटा लग्नाच्या बँडात ट्रम्पेट फुंकत होता, त्याचे ओठ बदलले होते, बोटं शाबूत होती. मोठा आखातात गेला होता. एक जण गेला होता, म्हणजे वारला होता, आणि ते मला त्याच्या दारात उभं राहिल्यावर कळलं. फिटरने दार उघडलं आणि डावा हात पुढे केला. करंगळीचं टोक मशीनमध्ये गेलं होतं.

"तीन बोटांचं लिहून द्या सर. तीन आहेत."

मी त्याच्यासाठी वेगळं लिहून काढलं. चौथं बोट लागेल तो प्रत्येक सूर दुसऱ्याकडे दिला, दुसऱ्याचा तिसऱ्याकडे. असं करत आठांचं सहांचं झालं. कीबोर्डवाला बघत होता. तो हळूच म्हणाला, "सर, राहिलेली दोन मी देऊ का? अगदी बारीक ठेवीन, कळणार नाही." मी नको म्हणालो. त्याला राग आला नाही.

कार्यक्रमाच्या आदल्या रविवारी गोदामात रिहर्सल झाली. पहिल्या ओळीला सहांपैकी दोघांचे सूर हलत होते, मग बसले. चढण नीट झाली. मग मी हात खाली घेतला आणि सगळे थांबले. गाद्या, पडदे, बांबू, काही हललं नाही. बाहेर कोणीतरी हातगाडी ओढत होतं, ती लांब गेली. मी काकांना हात दिला. त्यांचा गज टेकला आणि त्या खालच्या सुरात कंप अजिबात नव्हता. बाकीचे एकेक आले. ओळ पुरी झाली.

शेठ गाद्यांच्या थप्पीवर बसले होते. ते खाली उतरले, कामगाराला सगळ्यांसाठी चहा आणायला पाठवलं आणि म्हणाले, "एक बार और." आम्ही पुन्हा वाजवलं. इतक्या वर्षांत त्यांनी रिहर्सलमध्ये काही परत वाजवायला सांगितलेलं मला आठवत नाही.

कार्यक्रम शाळेच्या मैदानावर होता, संध्याकाळी. आमचा आयटम मध्यंतरानंतर पहिला. आमच्या निवेदकाला मी दोनदा बजावलं होतं, "मी वळून लोकांकडे तोंड करेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. मध्ये शांतता आहे, ती आमचीच आहे." तो म्हणाला, "कळलं सर, तुम्ही वळलात की मी." साउंडवाल्याला सांगितलं, कीबोर्डवाल्याला सांगायची गरज नव्हती.

मध्यंतरात मी स्टेजच्या मागे सहा व्हायोलिनं जुळवत बसलो होतो. तेवढ्या वेळात पुढे एक ठरलं, जे मला कोणी सांगितलं नाही. प्रमुख पाहुण्यांना दुसऱ्या मंडळात जायचं होतं. तेव्हा अध्यक्षांनी सत्कार अलीकडे घेतले, व्हायोलिन झाल्या झाल्या उरकायचे म्हणून. सत्काराची नावं वाचायला मंडळाचे स्वतःचे निवेदक होते, त्याच शाळेतले शिक्षक. ते दुसरा माइक घेऊन स्टेजच्या पलीकडच्या कोपऱ्यात येऊन उभे राहिले. मी त्यांना पाहिलंसुद्धा. मला वाटलं, जवळून ऐकायला आलेत.

आम्ही सुरू केलं. मागे वडे खाणं चालू होतं, खुर्च्या ओढल्या जात होत्या, मुलं पळत होती. पहिली ओळ अशीच गेली. जोड्या चढायला लागल्या तसा एकेक आवाज कमी होत गेला. माझ्या पाठीला ते कळत होतं. अगदी वर पोचलो तेव्हा एकही खुर्ची करकरत नव्हती. मी हात खाली घेतला.

शांतता पडली. स्टेजवर आणि मैदानावर, दोन्हीकडे. एक बार पूर्ण झाला.

"वा! वा! वा! मंडळी, जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या!"

शिक्षक बोलले होते. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. वाद्य थांबलं, टाळी मागितली. टाळ्या पडल्या, चांगल्या पडल्या. आणि मग सगळं मी शिकवलं होतं तसं झालं. माइकवर माणूस बोलतो आहे म्हटल्यावर साउंडवाल्याच्या हाताने आपोआप व्हायोलिनांचे माइक खाली घेतले. पहिलं नाव पुकारलं गेलं, शाल उलगडली गेली, कीबोर्डवाल्याने धून लावली. लावल्यावर त्याने माझ्याकडे बघितलं आणि हात उचलला. तेवढ्यात विंगेतून शेठचा आवाज आला, "बजाओ, बजाओ! गैप मत रखो!" त्याने हात परत खाली ठेवला. ती सत्काराची धून मीच बांधलेली होती, कितीही शाली असल्या तरी गोल फिरत राहील अशी. माझं सगळ्यात जास्त वाजलेलं काम तेच.

काका गज तारेवर टेकवून उभे होते. त्यांची नजर माझ्या हातावर होती. मी हात वर घेतला होता, निघण्याच्या खुणेच्या आधी जिथे तो असतो तिथे. द्यायचा कधी? धुनेचा सूर वेगळा, चाल वेगळी, माइक खाली. मी तो तसाच धरून ठेवला. सात सत्कार झाले. नारळ, शाल, पुष्पगुच्छ, फोटो. काकांच्या गजाला कंप यायला लागला तरी त्यांनी तो उचलला नाही. सातव्या सत्कारानंतर गायिका पुढे आली, लाल दिवा लुकलुकला आणि गाणं सुरू झालं.

पुढचं गाणं संपताना मी विंगेत जाऊन शेठना म्हणालो, "दुसरा भाग राहिला."

"कौन सा दूसरा भाग?"

"अर्धंच झालं. त्याच्यापुढे आहे."

"ताली तो पड़ गई, मास्टरजी," शेठ म्हणाले. ते समजूत घालत होते. "ताली पड़ने के बाद वही चीज़ कौन सुनेगा? अच्छा था. छोटा था, अच्छा था."

सेक्रेटरी स्वतः मागे येऊन माझा हात हलवून गेले. म्हणाले, "सुरेख झालं साहेब. पुढच्या वर्षीपण ठेवू, असंच, सत्काराच्या आधी. वातावरण तयार होतं."

पोस्टमन, फिटर आणि बाकीचे वडे खात उभे होते. काका गजाचे केस सैल करत होते.

"मी निघालो असतो," ते म्हणाले. "तू हात दिला नाहीस."

"माइक बंद होते, काका."

"मी माइककडे कधी बघितलंय?"

त्यांना मी रिक्षात बसवलं. नंतर ते रिहर्सलला आले नाहीत. हात बरा झाला की येतो असा निरोप होता, तो हात बरा झाला नाही. दोन वर्षांनी गेले. शेठनी नंतर सगळंच कॅसेटवर भरून घेतलं, स्टेजवर दोन गायक आणि मी. मग मंडपाच्या धंद्यात त्यांची मुलं आली आणि त्यांनी ऑर्केस्ट्रा बंद केला. तोपर्यंत मी सूट घालून उभा राहत होतो. माझी रचना पुन्हा वाजवायचं कोणी काढलं नाही, मीही काढलं नाही.

त्या कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळचं एवढं सांगायचं राहिलं. बायको तिसऱ्या रांगेत बसली होती. सकाळी चहा ठेवताना म्हणाली, "छान होतं हो तुमचं. मला डोळ्यांत पाणी आलं. शेवट तेवढा एकदम आला."

"तो शेवट नव्हता."

"म्हणजे?"

मी तिला सांगितलं. मध्ये शांतता आहे, मग काका निघतात, मग बाकीचे, मग ती पहिली ओळ पुरी होते. तिने गॅस बारीक केला.

"मला तर झालंच वाटलं," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून घाईने म्हणाली, "बरं, म्हणून दाखवा ना. पुढचं."

मी काकांची ओळ म्हटली. ती खालच्या सुरात होती, मला जमली. त्याच्यावर फिटरची येते, तीन बोटांची. ती म्हणायची तर काकांची सोडावी लागते. मी काकांची सोडली आणि फिटरची घेतली, पण काकांच्या ओळीशिवाय तिला काही अर्थच नव्हता. मी परत काकांच्या ओळीवर आलो, पुन्हा तिथेच येऊन अडलो आणि गप्प झालो.

ती दोन कप हातात धरून उभी होती. मी पुढे म्हणेन म्हणून थांबली होती. थोड्या वेळाने तिने माझा कप माझ्यासमोर ठेवला आणि डबा भरायला घेतला. मला जनरल शिफ्ट होती.